३६ डिस्क आणि साडेतीनशे टेराबाइट: स्कॅन-संग्रहासाठी ॲरे आणि फाइलसिस्टीम निवडताना

जुनी मराठी वृत्तपत्रं आणि मासिकं स्कॅन करणारी पुण्यातली एक संस्था. संस्था नमुन्यादाखल घेतली आहे. या कामात जे आकडे नेहमी समोर येतात तेच तिला दिले आहेत. ए-३ आकाराचं पान ४०० पीपीआय आणि २४ बिट रंगात स्कॅन केलं की दाबून लहान न केलेली टिफ फाइल ९३ मेगाबाइटची होते. रोज तीन हजार पानं आणि वर्षाला २८० कामाचे दिवस धरले तर वर्षाकाठी ७८ टीबी. आधीचा साठा ९० टीबी आहे. तो चार-पाच नॅस (नेटवर्कवरच्या साठवणीच्या) पेट्या आणि कपाटातल्या सुट्या डिस्क यांत विखुरलेला आहे. तीन वर्षांची सोय करायची तर मास्टर फाइलींना ३२४ टीबी लागतात. जेपेग, पीडीएफ आणि ओसीआरचा (चित्रातून ओळखून काढलेला) मजकूर यांची भर घातली की बेरीज साडेतीनशेच्या घरात जाते.

सर्व्हरची पेटी ठरलेली आहे: ४यू उंचीची, समोर २४ आणि मागे १२ खण. १६ टीबीच्या ३६ डिस्क, १२८ जीबी ईसीसी (चुका सुधारणारी) रॅम, १० गिगाबिट नेटवर्क. कोटेशनमध्ये पुरवठादाराने आपली मांडणीही लिहून दिली आहे: हार्डवेअर रेड कार्ड (अनेक डिस्क एकत्र बांधून चालवणारं), ३४ डिस्कचा एकच रेड-६ ॲरे (म्हणजे गट; त्यात दोन डिस्कइतकी जागा पॅरिटीला, म्हणजे गेलेला डेटा परत काढून देणाऱ्या जादा माहितीला जाते), दोन हॉट स्पेअर (बिघाड झाला की आपोआप कामाला लागणाऱ्या राखीव डिस्क). वापरायला ५१२ टीबी. कागदावर हा आकडा फार गोंडस दिसतो आणि खरेदी समितीला तोच आवडतो.

आधी वेगाचा प्रश्न बाजूला काढू

स्टोरेजची चर्चा बहुधा वेगापासून सुरू होते, म्हणून तो हिशोब आधी उरकलेला बरा. तीन हजार पानं म्हणजे दिवसाला २७९ जीबी. आठ तासांवर वाटले तर सेकंदाला दहा मेगाबाइटही होत नाहीत. एवढं तर एकटी डिस्क झोपेत लिहील. जड काम दोनच वेळा असतं. एक, रात्री ओसीआर आणि पीडीएफच्या तुकड्या चालतात तेव्हा. दोन, तपासणीच्या टेबलांवर चार-पाच जण मोठ्या टिफ उघडतात तेव्हा. दोन्हीकडे मोठ्या फाइली सलग वाचल्या जातात, आणि १० गिगाबिटच्या तारेतून सेकंदाला ११०० मेगाबाइटच्या वर काही जात नाही. खाली २७ डिस्कचा डेटा असो की ३० चा, तार आधी भरते. त्यामुळे ‘मिरर (दोन डिस्कवर तोच डेटा) जास्त वेगवान’ हा एरवी बरोबर असलेला मुद्दा इथे गैरलागू आहे. व्हर्च्युअल मशिन किंवा डेटाबेस असता तर उत्तर उलटं आलं असतं.

खरा प्रश्न: डिस्क गेल्यापासून नवी भरेपर्यंत किती दिवस?

३६ डिस्कमध्ये डिस्क जाणं ही नेमाने येणारी गोष्ट आहे. बॅकब्लेझ ही कंपनी आपल्या लाखो डिस्कची आकडेवारी जाहीर करते. गेल्या काही वर्षांत तिच्याकडचं वार्षिक बाद होण्याचं प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास आहे. त्या हिशोबाने ३६ डिस्कवर दोन वर्षांत एक. पण तो डेटासेंटरमधला आकडा आहे. इथे संध्याकाळी सहा वाजता शिपाई एसी बंद करतो, उन्हाळ्यात खोली ३५ अंशांवर जाते आणि सगळ्या डिस्क एकाच खोक्यातून, एकाच बॅचच्या आलेल्या असतात. बॅचमध्ये दोष असेल तर बिघाड आठवड्यांच्या अंतराने ओळीने येतात. तेव्हा ‘एक गेली की दुसरी जाण्याची शक्यता तितकीच स्वतंत्र’ हे पुस्तकी गृहीतक कोसळतं.

आता वेळ मोजू. १६ टीबीची डिस्क बाहेरच्या ट्रॅकवर सेकंदाला २५० मेगाबाइट देते, आतल्या ट्रॅकवर त्याच्या निम्म्याला येते. सरासरी १९० धरली तर नुसती एक डिस्क एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लिहायला २३ तास लागतात. हा झाला गणिती तळ. रिबिल्ड (नव्या डिस्कवर हरवलेला डेटा भरणं) चालू असताना लोक काम करत असले तर दोन-तीन दिवस धरून चालावं. हे झालं नवी डिस्क हातात असेल तर. या संस्थेत शुक्रवारी रात्री गेलेली डिस्क सोमवारी लक्षात येते, वॉरंटीत बदलून यायला आठवडे लागू शकतात आणि नवी विकत घ्यायची तर तीन सह्या लागतात. मांडणी ठरवताना सगळ्यात महत्त्वाचा आकडा हाच आहे, आणि तो कुठल्याही कोटेशनमध्ये नसतो.

या कसोटीवर ३४ डिस्कचा एकच रेड-६ लावून पाहा. दोन डिस्क गेल्या की उरलेल्या ३२ पूर्ण वाचाव्या लागतात, म्हणजे ५१२ टीबी. एंटरप्राइझ डिस्कची छापील हमी १०^१५ बिटांमागे एकापेक्षा जास्त न वाचता येणारी जागा नसेल अशी असते. म्हणजे १२५ टीबीमागे एक. हमीच्या काठावरच्या डिस्क धरल्या तर त्या एका वाचनात चार ठिकाणी अडखळण्याची अपेक्षा धरावी लागते, आणि त्या वेळी दुरुस्तीला पॅरिटी शिल्लक नसते. प्रत्यक्षात डिस्क हमीपेक्षा बऱ्याच चांगल्या वागतात हे खरं. तरीही ३४ डिस्कची रांग करण्यात जागेखेरीज कोणताच फायदा नाही. शिवाय कार्ड जळलं तर ॲरे ओळखायला त्याच घराण्याचं कार्ड शोधत फिरावं लागतं.

फाइलसिस्टीम: चूक कोणाच्या लक्षात येणार?

फाइलसिस्टीम म्हणजे डिस्कवर फाइली मांडून ठेवणारी व्यवस्था. त्यांतली ईएक्सटी-४ आधी वगळू. तिची तांत्रिक मर्यादा मोठी असली तरी रेड हॅट ही लिनक्स पुरवणारी कंपनी तिला ५० टेबिबाइटपर्यंतच (म्हणजे सुमारे ५५ टीबी) पाठबळ देते. बीटीआरएफएस या दुसऱ्या फाइलसिस्टीमची रेड-५ आणि रेड-६ प्रत्यक्ष कामासाठी वापरू नका, असं तिच्या स्वतःच्या दस्तऐवजातच लिहिलेलं आहे. उरतात दोन गंभीर पर्याय: लिनक्सच्या एमडी (सॉफ्टवेअरमधल्या) रेडवर एक्सएफएस, किंवा झेडएफएस.

एक्सएफएसची बाजू वाटते त्यापेक्षा भक्कम आहे. ती कर्नलमध्येच (लिनक्सच्या गाभ्यात) आहे, रेड हॅटच्या घराण्यात सातव्या आवृत्तीपासून तीच ठरलेली आहे, मोठ्या फाइलींना उत्तम आणि ९० टक्के भरली तरी फारशी मंदावत नाही. १२ डिस्कचे तीन रेड-६, वर त्यांना एकत्र जोडणारा एलव्हीएम, त्यावर एक्सएफएस, अशी मांडणी केली तर ४८० टीबी मिळतात. प्रत्येक डिस्कवर एका वेळी ५१२ केचा तुकडा (चंक) धरला तर १० डेटा डिस्कवरचा पूर्ण पट्टा ५ मेगाबाइटचा. ९३ मेगाबाइटची टिफ त्यात छान बसते. एमडी थेट खाली असेल तर फॉरमॅट करताना ही मापं आपोआप उचलली जातात. मध्ये एलव्हीएम असेल तर एकदा छापून आलेली मापं डोळ्यांनी तपासावीत.

अडतं ते एकाच ठिकाणी. एक्सएफएस आपल्या मेटाडेटाचे (फाइलींची नावं, जागा यांच्या नोंदींचे) चेकसम (मजकूर बदलला का हे ताडायचे आकडे) ठेवते, फाइलीतल्या मजकुराचे ठेवत नाही. एमडीची मासिक तपासणी पॅरिटी जुळत नाही इतकं सांगते. कोणती डिस्क खोटं बोलते आहे हे ती ठरवत नाही, आणि ‘रिपेअर’ म्हटलं की डेटा खरा मानून पॅरिटी नव्याने लिहून टाकते. म्हणजे बिघडलेला डेटा अधिकृत होतो. तारेतली गडबड, कंट्रोलरचा दोष किंवा डिस्कच्या फर्मवेअरने चुकीच्या जागी केलेलं लेखन यांनी एखादं पान खराब झालं, तर ते कळेल ते कोणी अभ्यासक पाच वर्षांनी ती फाइल उघडेल तेव्हा. एमडीच्या खाली डीएम-इंटेग्रिटीचा थर घालून हे साधता येतं, पण जर्नलमुळे लिहिणं मंदावतं आणि सांभाळायला आणखी एक थर वाढतो.

‘आमच्याकडे प्रत्येक फाइलीची शा-२५६ (मजकुरावरून काढलेल्या ठशांची) यादी आहे, मग हे कशाला?’ असा रास्त प्रश्न येतो. यादी फाइल बिघडली एवढं सांगेल. दुरुस्त करणार नाही. आणि साडेतीनशे टीबी मुद्दाम वाचून यादीशी ताडून पाहण्याचं काम पहिल्या वर्षानंतर कोणी करत नाही. झेडएफएस प्रत्येक ब्लॉकचा चेकसम त्या ब्लॉककडे बोट दाखवणाऱ्या वरच्या ब्लॉकमध्ये ठेवतं, वाचताना ताडतं आणि न जुळल्यास पॅरिटीवरून खरा ब्लॉक काढून डिस्कवर परत लिहितं. रेड आणि फाइलसिस्टीम एकाच घरात असल्यामुळे हे शक्य होतं. वर्षानुवर्षं न उघडल्या जाणाऱ्या फाइलींसाठी हा एक गुण बाकी सगळ्यांवर मात करतो. स्नॅपशॉट (त्या क्षणीच्या स्थितीची गोठवलेली नोंद) आणि दुसऱ्या सर्व्हरला फक्त बदललेले ब्लॉक पाठवण्याची सोय ही वरकड कमाई.

तरी यादी फेकून देऊ नये. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ओपनझेडएफएस या झेडएफएसच्या मुक्त आवृत्तीतला एक जुना दोष उघड झाला: फाइल लिहिली जात असतानाच नेमक्या क्षणी तिची प्रत काढली तर प्रतीत मधले तुकडे शून्यांनी भरलेले येऊ शकत. २.२.२ आणि २.१.१४ या आवृत्त्यांत तो दुरुस्त झाला. चेकसमला हा दोष दिसणंच शक्य नव्हतं, कारण चुकीचा मजकूर नीट चेकसम करून लिहिला जात होता. स्कॅनरच्या संगणकावर बनवलेली शा-२५६ यादीच अशा वेळी पकडते.

झेडएफएसची किंमतही मोजायला हवी. परवान्याच्या कारणाने ते लिनक्स कर्नलच्या बाहेर राहतं. डेबियनवर कर्नल अद्ययावत झाला आणि त्याला जोडायचं झेडएफएसचं मॉड्यूल बांधलं गेलं नाही, तर सकाळी सर्व्हर उठतो आणि पूल (सगळ्या डिस्क मिळून झालेली एकत्र जागा) गायब असतो. डेटा सुरक्षित असतो. घाम मात्र फुटतो. उबंटूच्या एलटीएस आवृत्तीत मॉड्यूल तयार मिळतं, म्हणून इथे ती घेतली आणि कर्नलची आपोआप अद्ययावत होण्याची सोय बंद ठेवली. ज्या संस्थेत झेडएफएस हाताळणारं कोणीच नाही आणि रेड हॅटचा करार आहे, तिने एक्सएफएसच घ्यावी आणि यादी ताडण्याचं काम वेळापत्रकात बसवावं. हा दुय्यम पर्याय नाही.

३६ डिस्कची विभागणी

झेडएफएसमध्ये डिस्कचे गट पडतात, त्यांना व्हीडेव्ह म्हणतात. रेड-झेड-२ चा गट दोन डिस्क गेल्या तरी टिकतो, रेड-झेड-३ चा तीन; डीरेड हा राखीव जागा सगळ्या डिस्कवर वाटणारा त्यांचाच प्रकार. एक व्हीडेव्ह पूर्ण गेला की अख्खा पूल गेला. रेकॉर्ड (फाइलीचा एका वेळी लिहिला जाणारा तुकडा) १ मेबिबाइटचा आणि सेक्टर (डिस्कवरचा सगळ्यात लहान कप्पा) ४ केचा धरून, पॅडिंगसकट (भरीच्या रिकाम्या सेक्टरांसकट) हिशोब असा येतो:

| मांडणी | वापरण्याजोगी जागा (टीबी) | ८० टक्के भरल्यावर |
|---|---|---|
| १८ मिरर जोड्या | २८८ | २३० |
| १२ डिस्कचे ३ रेड-झेड-२ | ४७७ | ३८२ |
| ९ डिस्कचे ४ रेड-झेड-२ | ४४७ | ३५७ |
| ११ डिस्कचे ३ रेड-झेड-२, ३ हॉट स्पेअर | ४२९ | ३४३ |
| १२ डिस्कचे ३ रेड-झेड-३ | ४२९ | ३४३ |
| डीरेड-२, ८ डेटा, २ वाटलेले स्पेअर | ४३५ | ३४८ |

पॅडिंगचं प्रकरण नीट समजून घ्यावं, कारण जागेचे वाद तिथूनच निघतात. रेड-झेडमध्ये पट्ट्याची रुंदी ठरलेली नसते. प्रत्येक रेकॉर्डला स्वतःची पॅरिटी मिळते आणि एकूण सेक्टर पॅरिटी अधिक एक या संख्येच्या पटीत वर ओढले जातात. १२ डिस्कच्या रेड-झेड-२ मध्ये १२८ केच्या रेकॉर्डला ३२ डेटा, ८ पॅरिटी आणि २ पॅडिंग असे ४२ सेक्टर लागतात, म्हणजे ७६ टक्के उपयोग. १ मेबिबाइटच्या रेकॉर्डला २५६ डेटा, ५२ पॅरिटी आणि १ पॅडिंग, म्हणजे जवळजवळ ८३ टक्के. आणि ८ केच्या ब्लॉकला दोन सेक्टर डेटासाठी सहा सेक्टर जातात. रेड-झेडवर डेटाबेस किंवा व्हर्च्युअल मशिनच्या डिस्क ठेवणाऱ्यांची जागा कुठे नाहीशी होते, ते यावरून कळेल.

तक्त्यातल्या चौथ्या आणि पाचव्या ओळींवर निर्णय झाला. दोन्हींत जागा सारखीच. तीन डिस्क पूलबाहेर स्पेअर म्हणून फिरत्या ठेवायच्या, की त्याच तीन आत घेऊन प्रत्येक गटाला तिसरी पॅरिटी द्यायची? स्पेअर कामाला लागतो बिघाड झाल्यावर, आणि त्याचा उपयोग सुरू होतो तो भरून झाल्यावर, म्हणजे दोन-तीन दिवसांनी. तिसरी पॅरिटी पहिल्या क्षणापासून हजर असते. त्या बदल्यात स्पेअर कोणत्याही गटाला आपोआप जातो, रात्री कोणी नसलं तरी. दोन डिस्क एकदम गेल्या तर रेड-झेड-२ चा तो गट स्पेअर भरेपर्यंत उघडा पडतो. रेड-झेड-३ चा तोच गट अजून एक बिघाड सोसू शकतो आणि मधल्या काळात सापडलेले खराब ब्लॉकही दुरुस्त करतो. जिथे डिस्क बदलायला आठवडा लागू शकतो तिथे रेड-झेड-३ घ्यावं, आणि त्याच्या जोडीला दोन तपासलेल्या डिस्क कपाटात. या प्रकरणात तेच ठरलं. साडेतीनशे टीबी म्हणजे पूल ८२ टक्के भरतो. एकदा लिहून न बदलणाऱ्या फाइलींना हे चालतं.

नऊ-नऊचे चार गट हा पर्याय वाईट नव्हता. जागा जास्त, रिबिल्ड आटोपशीर. डिस्क चोवीस तासांत बदलणारा माणूस असता तर तोच घ्यायला हवा होता. डीरेडचं आकर्षण असं, की स्पेअरची जागा सगळ्या डिस्कवर पसरलेली असल्याने भरणं झपाट्याने होतं. २०२१ च्या ओपनझेडएफएस २.१ पासून ते उपलब्ध आहे. पण त्यात पट्ट्याची रुंदी ठरलेली असते: आठ डेटा डिस्क म्हणजे ३२ के. ओसीआरच्या लाखो छोट्या फाइलींतली प्रत्येक ३२ केच्या पटीत फुगते. डिस्क शंभराच्या घरात गेल्या की त्याचा विचार खुशाल करावा. एकच ३६ डिस्कचं रेड-झेड-३ करणाऱ्यांना मात्र रोखावं: जागा वाढते, पण भरणं व स्क्रब (सगळा डेटा वाचून चेकसम ताडणं) कंटाळवाणं होतं.

छोट्या फाइली आणि स्पेशल व्हीडेव्ह

प्रत्येक रेड-झेड गट लहानसहान वाचनांसाठी साधारण एका डिस्कइतकाच चपळ असतो. तीन गट म्हणजे तीन डिस्क. पस्तीस लाख पानं, प्रत्येकामागे मजकुराची आणि एक्सएमएलची फाइल, अशा झाडावर विंडोजमधून फोल्डर उघडलं किंवा आरसिंक (फाइली ताडून प्रत काढणारा प्रोग्राम) चालवलं की तासन्‌तास नुसती खडखड ऐकू येते. यावर इलाज म्हणजे मेटाडेटा आणि ६४ के किंवा त्याहून लहान ब्लॉक एसएसडींच्या वेगळ्या गटात, म्हणजे स्पेशल व्हीडेव्हमध्ये, ठेवणं. छोट्या फाइली ३०० जीबीच्या आसपास जातात, मेटाडेटा त्याहून कमी, १.९२ टीबीच्या एसएसडी भरपूर झाल्या.

इथे काटकसर करू नये. हा भाग गेला तर सगळा पूल गेला, म्हणून त्याचंही संरक्षण तीन डिस्क जाण्याच्या जवळपासचं हवं: तीन एसएसडींचा मिरर, वीज गेल्यावर कॅपॅसिटरवर लेखन पुरं करणारे, आणि किमान दोन वेगळ्या कंपन्यांचे. एकाच मॉडेलचे तीन घेतले तर तिघांवर अगदी सारखंच लेखन होतं आणि फर्मवेअरचा दोष असला तर तिघं एकाच दिवशी बसतात. रेड-झेड असलेल्या पूलमधून स्पेशल व्हीडेव्ह नंतर काढता येत नाही, हेही ध्यानात ठेवून सुरुवातीलाच ठरवावं.

एसलॉग (तातडीचं लेखन आधी टिपून ठेवणारी वेगळी डिस्क) घेतला नाही, कारण सांबामधून (विंडोजला फाइली पुरवणाऱ्या प्रोग्राममधून) येणारं लेखन बहुतांश असिंक, म्हणजे डिस्कवर पोहोचण्याची वाट न पाहणारं असतं. एल-२ आर्कही (वाचनासाठीची एसएसडीवरची कॅश) नाही. डीडूप (सारखे ब्लॉक एकदाच ठेवणं) बंद; टिफच्या दोन पानांत सारखे ब्लॉक सापडत नाहीत आणि त्याची तक्ती रॅम खात बसते. ‘एका टीबीमागे एक जीबी रॅम’ हा नियम या कामाला लागू नाही. १२८ जीबी पुष्कळ.

उभारणीचा क्रम

कार्ड आयटी मोडमधलं साधं एचबीए (डिस्क नुसत्या जोडून देणारं) हवं, रेड कार्ड नको. झेडएफएसला डिस्क थेट दिसल्या पाहिजेत. एचबीएची चिप चांगलीच तापते आणि टेबलावरच्या पेटीत तिला वारा मिळत नाही. पुढच्या २४ खणांचा बॅकप्लेन (खणांमागची जोडपाटी) एक्सपँडरचा (थोड्या लेनवर अनेक डिस्क वाटणारा) असेल तर ६ गिगाबिटच्या चार लेनमधून २४०० मेगाबाइट जातात, म्हणजे डिस्कमागे १००. रोजच्या कामाला ते पुरतं, स्क्रब मात्र लांबतो. १२ गिगाबिटचा बॅकप्लेन मिळत असेल तर तो घ्यावा.

डिस्क सीएमआर (ट्रॅक एकमेकांवर न चढवणाऱ्या) आहेत ना, हे मॉडेल क्रमांकावरून पाहावं. २०२० च्या एप्रिलमध्ये वेस्टर्न डिजिटलच्या रेड मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क न सांगता एसएमआर (ट्रॅक एकमेकांवर चढवलेल्या, पुन्हा लिहायला मंद) केल्याचं उघड झालं, आणि त्या झेडएफएसच्या रिसिल्व्हरमध्ये (म्हणजे रिबिल्डमध्ये) बाहेर फेकल्या जात होत्या. वॉरंटी भारतात चालते का, हे प्रत्येक अनुक्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून बिल चुकतं करण्याआधी पाहावं. ३८ डिस्क दोन दुकानांतून घेतल्या तर बॅच आपोआप वेगळ्या पडतात. त्या तीनही गटांत मिसळाव्यात.

मग तापवणं, म्हणजे नव्या डिस्क कामाला लावण्याआधी राबवून पाहणं. बॅडब्लॉक्स या प्रोग्रामची लिहून वाचण्याची तपासणी चार नमुने लिहिते आणि चार वेळा वाचते. १६ टीबीला आठवडाभर लागतो. ब्लॉकचं माप ४०९६ द्यावं. १८ टीबी किंवा मोठ्या डिस्कवर हेच माप दिलं की ब्लॉकांची संख्या ३२ बिटांत मावत नाही आणि तपासणी सुरूच होत नाही. तिथे ८१९२ द्यावं. शेवटी स्मार्टमधले (डिस्क स्वतः ठेवते त्या तब्येतीच्या नोंदींतले) ५, १९७ आणि १९८ हे खराब सेक्टरांचे आकडे शून्य नसतील ती डिस्क परत. १९९ (तारेवरच्या चुका) वाढत असेल तर आधी तार किंवा खण बदलून पाहावा. एरर रिकव्हरीची (खराब सेक्टर पुन्हा पुन्हा वाचून पाहण्याची) मुदत ७ सेकंद आहे ना, तेही बघावं. साध्या डेस्कटॉप डिस्क खराब सेक्टरवर मिनिटभर अडून राहतात आणि लिनक्स ३० सेकंदांनी कंटाळून लिंक रीसेट करतं.

पूल बांधताना एसडीए, एसडीबी ही नावं वापरू नयेत. पुढच्या बूटला ती बदलतात. व्हीडेव्ह-आयडीच्या कॉन्फिग फाइलीत खणांना नावं द्यावीत: पुढे-०१ ते पुढे-२४, मागे-०१ ते मागे-१२. तीच नावं अनुक्रमांकासह ट्रेवर चिकटवावीत. ॲशिफ्ट (सेक्टरचं माप) १२, म्हणजे ४ के. ते नंतर बदलत नाही. मास्टर फाइलींच्या डेटासेटला (पूलमधल्या स्वतंत्र विभागाला) रेकॉर्डसाइज १ मेबिबाइट, कॉम्प्रेशन एलझेड-४, एटाइम बंद, एक्सॲट्रिब्यूट ‘एसए’. हे सगळं डेटा ओतण्याआधी, कारण रेकॉर्डसाइज आणि स्पेशल ब्लॉकचा नियम फक्त नव्या फाइलींना लागतो. जुने ९० टीबी एक गिगाबिटच्या तारेने आणले तर साडेनऊ दिवस जातात. तेवढ्यापुरतं नॅसला १० गिगाबिटचं कार्ड लावणं स्वस्त पडतं.

पूल तयार झाला की समितीचा पहिला फोन येतो: ‘५७६ चे पैसे दिले, ३८० कसे दिसतात?’ पूलची यादी कच्चे ५२४ टेबिबाइट दाखवते, डेटासेटची यादी सुमारे ३८०. दुसऱ्या आकड्यात पॅरिटी वजा आहे, एकक टेबिबाइट आहे, आणि झेडएफएस तो अंदाज १२८ केचे रेकॉर्ड धरून काढतं. रेकॉर्ड मोठे असल्यामुळे पुढे भरलेल्या फाइली आपल्या आकारापेक्षा किंचित कमी जागा व्यापताना दिसतात. एक कोरा डेटासेट करून त्यावर पूलच्या १० टक्के रिझर्व्हेशन ठेवावं. कोणी चुकून पूल काठोकाठ भरायला घेतला तर आधी तो अडतो आणि मोकळं करायला जागा उरते.

डेटा येण्याआधी, पूलवर २०-३० टीबी खोट्या फाइली टाकून, लेखन चालू असताना एक डिस्क ओढून काढावी. ईमेल आला का? दिवा योग्य खणाचा लागला का? बदललेली डिस्क किती तासांत भरली? ‘झेड’ (झेडएफएसवर पहारा ठेवणारा प्रोग्राम) आणि स्मार्टडी (स्मार्टच्या आकड्यांवर पहारा ठेवणारा) या दोन्हींचा ईमेल कुठल्या पेटीत जातो हे या दिवशी कळलेलं बरं.

स्क्रब महिन्यातून एकदा. उबंटूवर तो दुसऱ्या रविवारी आपोआप चालतो. ३५० टीबी डेटा म्हणजे पॅरिटीसह ४७० टीबी वाचन, दीड-दोन दिवस. एसी त्या दोन दिवसांत बंद होता कामा नये. छत्तीस डिस्क एकदम सुरू होताना प्रत्येकी २४ वॉट धरले तरी ८६० वॉटचा धक्का बसतो, म्हणून टप्प्याटप्प्याने फिरायला लावणारी सोय चालू ठेवावी आणि यूपीएसची तार लावून, बॅटरी निम्म्यावर येताच सर्व्हर स्वतः बंद होईल असं करावं.

कुठे घात होतो

सगळ्यात महाग चूक टंकलेखनाची असते. पूलमध्ये डिस्क ‘रिप्लेस’ करायची असताना ‘ॲड’ लिहिलं की ती एकटी डिस्क चौथा व्हीडेव्ह होऊन बसते, तिला पॅरिटी नसते आणि रेड-झेड पूलमधून ती काढता येत नाही. संरक्षण जुळत नसल्याचा इशारा येतो, पण लोक आज्ञेला ‘एफ’ (जबरदस्तीची खूण) लावून तो दाबतात. ॲडच्या आधी ‘एन’ लावून कोरडी फेरी घ्यावी, आणि ‘एफ’ लावावंसं वाटलं तर आधी दुसऱ्या माणसाला पडदा दाखवावा.

चुकीची डिस्क ओढणं हे दुसरं. रेड-झेड-३ मध्ये ते पचतं. परत खोचली की मधल्या काळात बदललेलं तेवढंच भरलं जातं. तरी काढण्याआधी डिस्क ऑफलाइन करून, दिवा लावून, ट्रेवरचा क्रमांक मोठ्याने वाचावा. आणि एकाच बॅकप्लेनवरच्या पाच-सहा डिस्कवर एकदम चेकसमच्या चुका दिसल्या तर डिस्क बदलत सुटू नये. तार, एचबीएचं तापमान किंवा पॉवर सप्लाय बघावा.

रेड-झेड-३ आगीपासून, चोरीपासून आणि रागावलेल्या कर्मचाऱ्यापासून वाचवत नाही. रॅन्समवेअर सांबामधून फाइली कुलूपबंद करतं, स्नॅपशॉटना हात लावू शकत नाही; म्हणून रोजचे ३० आणि महिन्याचे १२ स्नॅपशॉट ठेवले. मास्टर फाइली बदलत नसल्यामुळे त्यांना जागा जवळपास लागत नाही. सर्व्हरच्या रूटचा पासवर्ड ऑफिसच्या डोमेनपासून वेगळा. दुसरी प्रत एलटीओ-८ टेपवर: १२ टीबीची एक टेप पूर्ण वेगाने सव्वानऊ तासांत भरते, ३५० टीबीला तीस टेप. दोन संच काढावेत, एक दुसऱ्या इमारतीत, सोबत शा-२५६ ची यादी. दर तीन महिन्यांनी एक टेप निवडून यादीशी ताडावी.

तिसऱ्या वर्षी

पूल ८० टक्क्यांवर आला की दोन वाटा आहेत. एचबीएच्या बाहेरच्या पोर्टवर १२ खणांची जेबॉड (नुसत्या डिस्कची जोडपेटी) लावून चौथं रेड-झेड-३ जोडायचं. जुना डेटा आपोआप पसरत नाही, नवं लेखन बहुतांश नव्या गटात जातं, आणि या कामाला त्याने काही अडत नाही. किंवा एका गटातल्या बाराही डिस्क एकेक करून मोठ्या घ्यायच्या. ऑटोएक्स्पँड चालू ठेवलं तर बारावी भरून झाली की जागा वाढते. एकेकीला दोन दिवस धरले तर साडेतीन आठवडे. प्रत्येक वेळी जुनी डिस्क खणातच ठेवून नवी शेजारच्या मोकळ्या खणात लावता आली तर बदल चालू असताना एकही पॅरिटी कमी होत नाही. त्यासाठी ३६ खणांत एक मोकळा लागतो, आणि इथे तो नाही. २०२५ च्या जानेवारीत आलेल्या ओपनझेडएफएस २.३ पासून रेड-झेड गटात एकेक डिस्क वाढवताही येते, पण भरलेल्या खणांच्या पेटीत तिचा उपयोग नाही. म्हणून जेबॉडचे पैसे तिसऱ्या वर्षाच्या अंदाजपत्रकात आत्ताच मांडून ठेवले आहेत, आणि एचबीए घेताना बाहेरचे दोन पोर्ट असलेलं घेतलं आहे.